आधी अभियंता, मग दिवाण

निकाल लागतो, पेढे वाटून होतात, शेजारीपाजारी येऊन कौतुक करून जातात आणि पंधरा दिवसांच्या आत घरातली हवा बदलते. मुलगा इंजिनिअर झाला, मुलगी इंजिनिअर झाली; आता पुढे काय? नांदेडच्या विष्णुपुरीतले कॉलेज असो की लातूरचे, शेवटच्या वर्षाला पोचलेल्या मुलांच्या घरी हा प्रश्न रोज रात्री जेवणाच्या ताटाशी येऊन बसतो. ‘गेट’ देऊन एम.टेक. करायचे, की ‘कॅट’ किंवा राज्याची सीईटी देऊन एम.बी.ए. व्हायचे? पुण्यात नोकरीला असलेले काका फोनवरून सांगतात की, आजकाल नुसत्या तांत्रिक पदवीला कोण विचारतो, व्यवस्थापन केले तरच वरची खुर्ची. गावाकडचे मामा म्हणतात की, चार वर्षे यंत्रे शिकलास आणि आता हिशेब शिकायला निघालास होय! आई गप्प असते. तिच्या डोक्यात शैक्षणिक कर्जाचा हप्ता आणि लोहा किंवा अहमदपूरकडची चार एकर कोरडवाहू जमीन असते.

लातूरने साऱ्या महाराष्ट्राला परीक्षेत गुण कसे मिळवायचे ते शिकवले. दहावी-बारावीच्या ‘लातूर पॅटर्न’चे नाव घराघरांत पोचले. पण मिळवलेल्या गुणांचे पुढे करायचे काय, हे शिकवणारा पॅटर्न अजून कोणी काढलेला नाही. त्यामुळे हा निर्णय बहुतेक घरांत कोणाच्या तरी उदाहरणावरून होतो. शेजारच्याचा मुलगा अमेरिकेला गेला म्हणून एम.एस., मावसभावाला मोठा पगार मिळाला म्हणून एम.बी.ए. उदाहरणावरूनच ठरवायचे असेल, तर मग उदाहरण जरा मोठे का घेऊ नये?

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत एका फोटोला हार घातला जातो. डोक्यावर म्हैसुरी फेटा, बंद गळ्याचा कोट, करारी डोळे. अभियंता दिन साजरा होतो, भाषणे होतात. दोनच दिवसांनी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन येतो आणि फोटो पुन्हा भिंतीवर जातो. तो फोटो सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा. त्यांच्याविषयीच्या चमत्कारिक कथा सगळ्यांना ठाऊक असतात. रेल्वेच्या आवाजावरून त्यांनी रूळ तुटल्याचे ओळखले, सरकारी मेणबत्ती विझवून स्वतःची मेणबत्ती लावली, वगैरे. त्या खऱ्या असोत वा सांगोवांगीच्या, आज त्या बाजूला ठेवू. आज त्यांच्या आयुष्याकडे वेगळ्याच कारणासाठी पाहायचे आहे. तंत्र की व्यवस्थापन, हा आपल्या घरातला प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुन:पुन्हा उभा राहिला होता.

पुण्याचा विद्यार्थी

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ चा, म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या खेड्यातला. घर संस्कृत पंडिताचे. मान होता, पैसा नव्हता. वडील लवकर गेले. मामांच्या आधाराने मुलगा बंगळूरला आला आणि दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाला. त्या काळी म्हैसूर संस्थानात इंजिनिअरिंगचे कॉलेज नव्हते. संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून हा कानडी विद्यार्थी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. आज आपण ज्याला ‘सीओईपी’ म्हणतो, ते हेच कॉलेज.

नांदेड-लातूरची मुले आज बसने, रेल्वेने पुण्याला शिकायला जातात. नवे शहर, नवी भाषा, खाणावळीचे जेवण, घरून येणाऱ्या पैशांची वाट. हे त्यांना जसे ठाऊक आहे, तसे विश्वेश्वरय्यांनाही ठाऊक असणार. फरक एवढाच की, त्यांच्यापुढे निवडीचा फारसा वाव नव्हता. परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला मुंबई सरकारच्या सेवेत नेमणूक मिळत असे. १८८३ मध्ये ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि १८८४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले.

व्यवस्थापनाची पदवी हवी म्हटले तरी ती घ्यायची कोठे, हाही प्रश्नच होता. अमेरिकेतली व्हार्टनची संस्था स्थापन झाली १८८१ मध्ये, म्हणजे विश्वेश्वरय्या बी.ए. होत होते त्या सुमारास. आणि तीही सुरुवातीला पदवीपूर्व शिक्षणासाठी. हार्वर्डची एम.बी.ए. सुरू व्हायला १९०८ साल उजाडायचे होते. आपल्याकडे अहमदाबाद आणि कलकत्त्याच्या आय.आय.एम. निघाल्या १९६१ मध्ये. तेव्हा विश्वेश्वरय्या शंभर वर्षांचे होते. थोडक्यात, ज्या माणसाने पुढे एक अख्खे संस्थान चालवून दाखवले, त्याच्याजवळ व्यवस्थापनाचा एक कागदही नव्हता. पण त्यांनी व्यवस्थापन शिकले नाही असे मात्र नाही. ते त्यांनी कोठे शिकले, हे पाहण्यासारखे आहे.

पांझरेचे पाणी, नीरेचे पाणी

पहिली नेमणूक नाशिक-खानदेशात झाली. धुळ्याकडे पांझरा नदीच्या पाटासाठी नळाचा सायफन बसवण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळा सुरू झाला, नदीला पाणी आले, केलेले काम वाळूने भरू लागले. पावसाळ्यापुरते काम थांबवावे असे तरुण इंजिनिअरने वर कळवले. वरिष्ठांना ते रुचले नाही. हा माणूस कामाला कचरतो, असा त्यांचा ग्रह झाला. मग विश्वेश्वरय्यांनी त्याच पावसात राहून काम पुरे केले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांना दोन धडे मिळाले: नदीचे गणित वेगळे असते आणि साहेबाचे वेगळे. दोन्ही सोडवावी लागतात.

पुढची चोवीस वर्षे मुंबई इलाख्यात गेली. सिंधमध्ये सक्करला नदीचे पाणी गढूळ म्हणून नदीपात्राच्या वाळूत विहीर घेऊन स्वच्छ पाणी मिळवण्याची योजना त्यांनी १८९५ पर्यंत पुरी केली. पुण्याजवळ खडकवासल्याच्या तलावावर त्यांनी आपोआप उघडणारे व बंद होणारे दरवाजे बसवले. पूर आला की पाण्याच्याच दाबाने दरवाजा उघडावा आणि पूर ओसरला की मिटावा, अशी ती रचना होती. धरणाच्या भिंतीची उंची न वाढवता जास्त पाणी साठू लागले. या दरवाजांचे पेटंट त्यांनी घेतले, पण सरकारी काम करताना सुचलेल्या कल्पनेवर मानधन घेणे नाकारले. हे सगळे शुद्ध तंत्र. आजच्या भाषेत एम.टेक.च्या प्रबंधाला शोभेल असे.

पण याच माणसाने १८९९ च्या सुमारास आणखी एक गोष्ट केली. नीरेच्या कालव्यावर पाण्याची उधळपट्टी चालू होती. कालव्याच्या तोंडाशी असलेली गावे उसाला मनसोक्त पाणी देत, जमिनी पाणथळ होत, डास आणि हिवताप वाढे. आणि शेवटच्या गावांना कोरडा पाट पाहावा लागे. विश्वेश्वरय्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली. भिजणाऱ्या जमिनीचे गट पाडायचे, एका गटात साधारण तिसऱ्या हिश्शावरच ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिके, आणि दरवर्षी पिकांची फेरपालट. म्हणजे तेवढ्याच पाण्यात जास्त गावे भिजतील आणि जमीनही बिघडणार नाही. खानदेशात पांझरेच्या काठी शेतकऱ्यांची फड पद्धत जुनीच होती; पाणी वाटून घेण्याची अक्कल या मातीला परकी नव्हती. तरीही ऊसवाले चिडले, वर्तमानपत्रांतून टीका झाली. विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांना, टीकाकारांना समोर बसवून समजावले. पुढे १९०१ ते १९०३ च्या सिंचन आयोगाने या पद्धतीची वाखाणणी केली.

ब्लॉक पद्धतीत काँक्रीटचा एक घमेलाही लागत नाही. तिच्यात माणसे, हिशेब, पाळ्या, न्याय आणि समजूत हे सगळे आहे. म्हणजे हे व्यवस्थापनच झाले. पण ज्याला कालव्यातून किती पाणी झिरपते आणि उसाला किती लागते हे बोटांवर ठाऊक नव्हते, त्याला हे सुचलेच नसते. विश्वेश्वरय्यांचे व्यवस्थापन तंत्राच्या पोटातून जन्मले, ते असे.

१९०८: दार बंद झाले तेव्हा

तरीही एक दिवस त्यांनी नोकरी सोडली. ते अधीक्षक अभियंत्याच्या पदापर्यंत चढले होते. त्याच्या पुढची मुख्य अभियंत्याची खुर्ची त्या काळी हिंदी माणसासाठी नव्हती. पुढे वाट नाही हे स्पष्ट दिसल्यावर कुढत बसण्यापेक्षा बाहेर पडावे, असे ठरवून १९०८ मध्ये ते मुंबई सरकारच्या सेवेतून निवृत्त झाले आणि परदेशच्या प्रवासाला गेले. वय सत्तेचाळीस.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीने हाहाकार उडवला. एका रात्रीत शहराचा मोठा भाग वाहून गेला, हजारो माणसे मेली. त्या वेळी नांदेड हा निजामाच्या राज्याचा जिल्हा होता आणि लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले गाव. म्हणजे बुडालेली राजधानी आपली होती. आजही नांदेडचा माणूस दवाखान्याला, बाजारहाटाला, नोकरीला हैदराबादची गाडी धरतो. त्यालाही मुसीच्या पुराच्या आठवणी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकायला मिळाल्या असतील.

निजाम सरकारने परदेशात असलेल्या विश्वेश्वरय्यांना बोलावणे धाडले. १९०९ मध्ये ते हैदराबादला आले. त्यांनी नदीच्या खोऱ्याची पाहणी केली, पावसाच्या नोंदी तपासल्या. वरच्या अंगाला शेकडो लहान तलाव होते. अतिवृष्टीत एकामागून एक तलाव फुटत गेले आणि त्या सगळ्यांचे पाणी शहरावर कोसळले, असे दिसून आले. त्यांनी सुचवले की, शहराच्या वर मुसी आणि ईसी या दोन्ही नद्यांवर पूर पोटात घेतील असे मोठे जलाशय बांधावेत, काठ बांधून काढावेत, गटारांची योजना करावी. त्यातून पुढे उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पुरे झाले. राजधानीला पुरापासून संरक्षण मिळाले आणि प्यायला पाणीही मिळाले. एकाच भिंतीने दोन कामे करायची, ही त्यांची खास रीत होती.

योगायोग पाहा. हार्वर्डमध्ये व्यवस्थापनाचा पहिला वर्ग भरला तो १९०८ साली, आणि विश्वेश्वरय्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू झाला तोही १९०८ सालीच. त्यांनी मात्र त्याआधी चोवीस वर्षे चिखलात उभे राहून काढली होती.

दिवाणाची खुर्ची

म्हैसूर संस्थानाने त्यांना मुख्य अभियंत्याचे पद देऊ केले. त्यांनी लगेच होकार दिला नाही. पगाराविषयी नव्हे, कामाविषयी विचारले. संस्थान मोठ्या योजना हाती घेणार आहे का, तांत्रिक शिक्षण आणि उद्योग वाढवण्याची तयारी आहे का? तशी खात्री मिळाल्यावर १९०९ च्या अखेरीस ते रुजू झाले. नोकरीची मुलाखत उमेदवारानेही घ्यायची असते, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

कावेरीवरचे कृष्णराजसागर धरण हे त्यांचे सर्वांत मोठे स्वप्न. १९११ मध्ये काम सुरू झाले. खाली मद्रास इलाखा पाण्यासाठी भांडत होता; पहिल्या टप्प्यात कमी उंचीच्या धरणालाच परवानगी होती. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पुढच्या उंचीला पुरेल एवढा रुंद घेतला. तिजोरीतून एवढा पैसा काढायचा तर तो परत कसा येईल, हेही त्यांनी मांडले: कावेरीची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती, धरणामुळे ती बारमाही मिळेल आणि उत्पन्न वाढेल, शेतीला पाणी मिळेल ते वेगळेच. धरणाचा आराखडा आणि जमाखर्च एकाच हाताने लिहिला गेला होता.

१९१२ मध्ये महाराजांनी त्यांना दिवाण केले. एक इंजिनिअर संस्थानाचा कारभारी झाला. पुढच्या सहा वर्षांत म्हैसूर बँक (१९१३), म्हैसूर विद्यापीठ (१९१६), बंगळूरचे इंजिनिअरिंग कॉलेज (१९१७) उभे राहिले. चंदनाचे तेल आणि साबण यांचे कारखाने निघाले. ज्या मुलाला इंजिनिअर होण्यासाठी संस्थान सोडून पुण्याला जावे लागले होते, त्याने पस्तीस वर्षांनी संस्थानातच ते शिक्षण आणले.

खुर्चीचा शेवट मात्र गोड झाला नाही. ब्राह्मणेतर समाजांना सरकारी नोकऱ्यांत वाटा मिळावा, ही मागणी म्हैसुरात जोर धरत होती. महाराजांनी त्यासाठी समिती नेमली. नेमणुका केवळ गुणवत्तेवर व्हाव्यात, मागासलेल्यांना आधी शिक्षण द्यावे, असे विश्वेश्वरय्यांचे मत होते. ते न पटल्याने त्यांनी १९१८ च्या अखेरीस दिवाणपद सोडले. आज मागे वळून पाहताना वाटते की, या बाबतीत काळाची हाक महाराजांना अधिक नीट ऐकू आली होती. नदीचा प्रवाह अचूक मोजणारा माणूस समाजाचा प्रवाह मोजताना चुकू शकतो. व्यवस्थापन म्हणजे नुसती शिस्त आणि आकडेमोड नव्हे, शतकानुशतके दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाचे मन जाणणेही त्यात येते. थोरांच्या चरित्रातून त्यांच्या मर्यादाही शिकाव्यात.

भद्रावतीची भट्टी

तंत्र आणि व्यवस्थापन यांची खरी सांगड दिसते ती भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्यात. संस्थानाने कारखाना काढला, १९२३ मध्ये भट्टी पेटली, पण तोटा होऊ लागला. टीकाकार सरसावले, विश्वेश्वरय्यांच्या कारकिर्दीतले हे वेडे धाडस बंद करा म्हणू लागले. त्यांनाच कारखान्याच्या मंडळाचे अध्यक्ष केले गेले. १९२९ पर्यंत त्यांनी तो सांभाळला. भट्टी काही नवी आणली नाही. नासधूस कोठे होते, एका टनामागे खर्च किती, कोणाचे काम काय, याची शिस्त बसवली. परदेशी तज्ज्ञांच्या जागी हळूहळू आपली माणसे तयार केली. कारखाना सावरला. या कामाच्या मानधनाची साठलेली मोठी रक्कम त्यांनी स्वतः न घेता बंगळूरला १९४३ मध्ये निघालेल्या तंत्रशिक्षण संस्थेसाठी वळवली.

याच सुमारास, १९२१-२२ मध्ये, मुंबई सरकारने तांत्रिक व औद्योगिक शिक्षणासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९३४ मध्ये त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेचा आराखडा पुस्तकरूपाने मांडला. पंचवार्षिक योजना सुरू झाल्या त्या त्यानंतर सतरा वर्षांनी. १९५५ मध्ये ‘भारतरत्न’ मिळाले आणि एप्रिल १९६२ मध्ये, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, बंगळूरला ते गेले.

मांजरेच्या काठचा दुसरा इंजिनिअर

इथे थांबलो तर वाचणारा मुलगा म्हणेल, म्हणजे शेवटी व्यवस्थापनच मोठे, दिवाण झाले म्हणून तर फोटोला हार! म्हणून आपल्याच राज्यातला दुसरा इंजिनिअर आठवावा. नवाब अली नवाज जंग बहादूर. इंग्लंडच्या कूपर्स हिल कॉलेजात शिकून आलेले, निजाम सरकारचे मुख्य अभियंता. बीड जिल्ह्यात उगम पावून लातूरच्या अंगाने वाहत पुढे नांदेडच्या सीमेवर गोदावरीला मिळणारी आपली मांजरा. तिच्यावर १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर उभा राहिला तो त्यांच्या देखरेखीखाली. ते कोठले दिवाण झाले नाहीत. आयुष्य पाण्यात आणि दगडी बांधकामात गेले. महाराष्ट्रात त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. पण धरण उभे आहे आणि त्याचा पाट वाहतो आहे. तेलंगणात त्यांचा जन्मदिवस अभियंते आवर्जून पाळतात.

एकाच काळातले, एकाच राज्याच्या पाण्यासाठी झटलेले दोन अभियंते. एक तंत्रातून कारभाराकडे गेला, दुसरा तंत्रातच राहिला. यातला लहान कोण, हे ठरवण्याच्या फंदात आपण का पडावे?

मग घरात काय ठरवायचे?

आता पुन्हा जेवणाच्या ताटाकडे येऊ. विश्वेश्वरय्यांच्या काळी नव्हत्या त्या वाटा आज आहेत. ‘गेट’चे गुण तीन वर्षे चालतात. त्यांवर पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर मान्यताप्राप्त संस्थांत दरमहा विद्यावेतन मिळू शकते. काही सरकारी कंपन्या याच गुणांवर नोकरीला बोलावतात. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे असेल, तर एम.टेक.शिवाय सहसा गत्यंतर नाही. त्यासाठी दर वेळी घर सोडावे लागते असेही नाही. विष्णुपुरीचे श्री गुरू गोबिंद सिंघजी यांच्या नावाचे कॉलेज १९८१ पासून आहे आणि तिथे एम.टेक. होते.

एम.बी.ए.चे गणित वेगळे आहे. मोठ्या संस्थांची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या पुढे जाते, तेव्हा कर्ज काढणे आलेच. नावाजलेल्या संस्थेतून पदवी मिळाली तर ते फिटते. पण कुठल्याही गल्लीतल्या संस्थेतून नुसता कागद आणला, तर हप्ता तेवढा राहतो. दुसरे म्हणजे, एम.बी.ए.च्या वर्गात ज्याने दोन-तीन वर्षे कारखान्यात, साइटवर किंवा कार्यालयात घालवली आहेत, त्याला शिकवलेले अधिक कळते. ज्याने कधी मजुरांचा हजेरीपट पाहिला नाही, उधारीवर सिमेंट आणले नाही, त्याला माणसांचे व्यवस्थापन पुस्तकातून कळणार ते कितीसे? दोन्हींच्या मधल्या वाटाही आहेत. मुंबईची ‘निटी’ ही संस्था १९६३ पासून औद्योगिक अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन यांची सांगड घालत आली. २०२३ मध्ये तिचेच आय.आय.एम. मुंबई झाले. बांधकाम व्यवस्थापन, जलसंपत्ती असे विषयही आहेत.

तेव्हा मुलाला पगाराचे आकडे विचारण्याआधी घरातल्यांनी एक साधा प्रश्न विचारावा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करताना तुझी झोप कशाने उडाली होती? यंत्र का चालत नाही, याने? की चौघांच्या गटातला एक काम करत नाही, सामान वेळेवर येत नाही, पैसे पुरत नाहीत, याने? ज्याला पहिल्या प्रश्नाने जागे ठेवले, त्याने आणखी दोन वर्षे तंत्राला द्यावीत. ज्याला दुसऱ्याने जागे ठेवले, त्याने थोडे दिवस नोकरी करून मग व्यवस्थापनाकडे वळावे. आणि ज्याची झोप कशानेच उडाली नाही, त्याने घाईने कुठलाच फॉर्म भरू नये. आधी काम करावे. विश्वेश्वरय्या दिवाण झाले एक्कावन्नाव्या वर्षी. बाविसाव्या वर्षी घेतलेला निर्णय हा जन्माचा शिक्का नसतो. इंजिनिअर पुढे व्यवस्थापक होऊ शकतो, याची उदाहरणे ढिगाने मिळतील. तंत्र एकदा हातातून सुटले की ते पुन्हा धरणे मात्र अवघड जाते. एवढी एक गोष्ट पारड्यात टाकावी.

आपल्या भागाला दोन्ही प्रकारची माणसे हवी आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर तहानले, मांजरा धरण आटले, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली ती दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्यासाठी वाघिणी राजस्थानातल्या कोट्याला धुऊन घेतल्या होत्या. मिरजेला पाणी भरण्याची आणि लातूरला उतरवून शुद्धीकरणापर्यंत नेण्याची नळव्यवस्था घाईघाईने उभी करावी लागली. ते कोणा इंजिनिअरचे काम. आणि गाडीला रस्ता मोकळा देणे, खेपांचा हिशेब, गल्लीगल्लीत वाटप, ते कोणा कारभाऱ्याचे. गाडी आली तेव्हा स्टेशनावर जमलेल्या बायाबापड्यांनी यातले कोणते काम तंत्राचे आणि कोणते व्यवस्थापनाचे, हे विचारले नाही. त्यांनी फक्त पाणी पाहिले.

पण अशी गाडी पुन्हा आणावी लागू नये, यासाठी नीरेच्या काठी शंभरावर वर्षांपूर्वी मांडलेला प्रश्न मांजरेच्या काठी अजून तसाच उभा आहे. पाणी किती, ऊस किती आणि शेवटच्या गावाचा वाटा किती? तो सोडवणारा मुलगा किंवा मुलगी आज कदाचित लातूरच्या किंवा नांदेडच्या एखाद्या घरात दोन फॉर्म समोर घेऊन बसली असेल. तिला घाई करू नका. तिचे ताट मात्र गरम असू द्या.